गिझेला आणि सहा नंबरची खोली

गिझेला माझी धाकटी जाऊ. तिला कुणी "बस" म्हटलं की ती उभी राहते, आणि कुणी "बाजूला हो" म्हटलं की तिथेच खुर्ची ओढून बसते. लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं, "आमच्या घरात सुना सासऱ्यांसमोर मोठ्याने हसत नाहीत." झालं. सासरे वारेपर्यंत ती त्यांच्यासमोरच हसत राहिली. शेवटी शेवटी तर म्हातारा तिला हसवायला म्हणून खोटं खोटं शिंकायचा.

आम्ही रोमा, लोक जिप्सी म्हणतात ते. पूर्व स्लोवाकियात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाबाहेर, ओढ्यापलीकडे आमची वस्ती. वस्तीचं वरचं टोक आमचं, वाजवणाऱ्यांचं. आजेसासऱ्यांचं व्हायोलिन गाजो लोकांच्या, म्हणजे गावातल्या गोऱ्यांच्या, लग्नात वाजायचं. ते व्हायोलिन कधीच विकलं गेलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. खालच्या टोकाला राहतात ते देगेश. त्यांच्या कुणा पणजोबाने उपासमारीत घोड्याचं मांस खाल्लं म्हणे. कुणी म्हणतं, कुत्र्याचं. सांगणारा जेवढा रागात तेवढा प्राणी हलका होत जातो. तेव्हापासून त्यांच्या घरचं पाणी आमच्या घशाखाली उतरत नाही. त्यांनी भांडं शिवलं की भांडं गेलं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पोर चालायला लागतं तेव्हाच त्याला कळतं, कुठल्या कुंपणापाशी थांबायचं.

आम्ही दोघी कामाला होतो तो शर्टांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी जिल्ह्याच्या हॉस्पिटलात फरशी पुसायला लागले. गिझेला म्हणाली, "पुसायची ती तू पूस, मी बोलणार." तिने सरकारी कोर्स केला आणि आरोग्य-मध्यस्थ झाली. निळं जाकीट, छातीवर बिल्ला. डॉक्टरांचं बोलणं वस्तीला समजावायचं आणि वस्तीचं दुखणं डॉक्टरांना. दोन्हीकडून शिव्या खायच्या, त्याचाच पगार.

प्रसूतिवॉर्डाचे मोठे डॉक्टर मिलान हुदाक. माणूस हाताचा चांगला, त्यांच्या टाक्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण जीभ? गाजो बाईला "मॅडम, तुम्ही", आणि आमच्या बाईला, मग ती आजी का असेना, "काय गं". पहिल्या आठवड्यात त्यांनी गिझेलाला हाक मारली, "काय गं गिझेला, कुठे होतीस?" ती वळली आणि म्हणाली, "इथेच होते रे मिलान, तू कुठे होतास?" माझ्या हातातून बादली सुटली. डॉक्टरांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. तेव्हापासून ते तिला काही म्हणूनच हाक मारत नाहीत, नुसतं खाकरतात. गिझेला म्हणते, खाकरणं चालेल, खाकरण्यात मान-अपमान नसतो.

त्या वॉर्डात सहा नंबरची खोली आहे. बोळाच्या टोकाला, चादरींच्या कोठीला लागून. आमच्या बाया तिथेच जातात. वरचं टोक असो नाही तर खालचं, हॉस्पिटलला आमच्यातला फरक कळत नाही. दारावर तसं काही लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगतात, "तुम्हालाच एकत्र राहायला आवडतं ना." दुसऱ्या खोलीत दोन खाटा रिकाम्या असल्या तरी सहामध्ये चौथी खाट घुसवतात, इतकं आम्हाला एकत्र आवडतं. म्हणून आमच्या बाया पळतात. बाळंतपण झालं की चपलांवर, मागच्या जिन्याने. कधी त्याच्याही आधी. दारावरचा रखवालदार बघतो आणि जाऊ देतो, त्यालाही आवडतं.

अशा हॉस्पिटलात वरून फर्मान आलं की सगळ्यांना सजगतेचं शिक्षण द्यायचं. ब्रातिस्लाव्हाहून पाव्लीना नावाची बाई आली. करडा स्वेटर, पायात लोकरी मोजे, हातात पितळेची इवलीशी घंटा. म्हणाली, माणसाच्या मनात दुसऱ्याबद्दल जे नकळत भरलेलं असतं ते त्याला स्वतःला दिसत नाही. श्वासाकडे लक्ष दिलं की मन जरा थांबतं, आणि थांबल्यावर ते दिसतं. डॉक्टर-नर्सना ते दिसलं तर पेशंटचं भलं होतं. बोलणं काही वाईट नव्हतं. अडचण एवढीच की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डॉक्टरांना एकाएकी ऑपरेशनं निघाली होती. मग फोटोत सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आम्हा फरशीवाल्यांना आणि स्वयंपाकघरातल्या बायांना आणून बसवलं. डोळे मिटून बसायचा पगार मला पहिल्यांदाच मिळाला. मी पाचव्या मिनिटाला घोरत होते, असं गिझेला सांगते. मला काही आठवत नाही.

जाग आली ती गिझेलाच्या आवाजाने. पाव्लीनाने तिला मध्ये खुर्चीवर बसवलं होतं. वॉर्डातला सगळा स्टाफ भोवती गोल. "आता सगळ्यांनी गिझेलाताईंकडे बघा," पाव्लीना मऊ आवाजात म्हणत होती, "श्वास घ्या, आणि मनात काय उमटतं ते फक्त पाहा."

"थांबा," गिझेला म्हणाली. "मी काय चर्चमधली मेणबत्ती आहे? का जत्रेतली गाय? सगळ्यांनी बघायचं आणि श्वास घ्यायचा! मी नाही बसणार अशी."

"तुम्हाला वाईट वाटावं असा हेतू नव्हता," पाव्लीना गडबडली.

"हेतू कधीच नसतो हो. सहा नंबरातही कुणाचा हेतू नाही." गिझेलाने खुर्ची उचलली, गोलात इतरांच्या शेजारी ठेवली आणि बसली. "आता बघू द्या मला पण. मीही हॉस्पिटलचीच आहे ना? मग माझ्याही मनात काय उमटतं ते बघते."

पाव्लीना मूर्ख नव्हती, हे मला तिथे कळलं. दुसरी असती तर रडली असती. ती म्हणाली, "बरोबर आहे. चूक माझी. आपण सगळेच बघू." आणि घंटा वाजवली. मग एकेकाला विचारलं, काय दिसलं. छोटे डॉक्टर म्हणाले, शांत वाटलं. एक नर्स म्हणाली, तिला समुद्र दिसला. आमच्यापासून समुद्र कुठे, देव जाणे. मोठी नर्स सिस्टर बर्नादेता म्हणाली, "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. मला सगळे पेशंट सारखे."

"सगळे खोटं बोलतायत," गिझेला म्हणाली. "मी खरं सांगते. सिस्टर बर्नादेता दिसली की माझ्या मनात पहिलं काय येतं? आता ही हात धुणार. मला शिवायच्या आधी एकदा, आणि मला शिवल्यावर दोनदा."

बर्नादेता उठून बाहेर गेली. आणि बाहेर नळाचा आवाज आला. मी शपथेवर सांगते, नळाचाच आवाज आला.

जाताना पाव्लीनाने एकच काम नेमून दिलं. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दाराच्या मुठीवर हात ठेवायचा, एक श्वास घ्यायचा, आणि आत कोण आहे ते बघायच्या आधी मनात काय आलं ते बघायचं. मग आत जायचं. बस्स.

बाकीचे ते दारातच विसरले. गिझेला विसरली नाही. तिचा त्यावर विश्वास होता असं नाही, तिला त्यात काठी सापडली होती. ती रोज सकाळी सहा नंबरच्या दारापाशी उभी राहायला लागली. "डॉक्टर, श्वास घेतला का? नाही? मग परत या. सिस्टर, मुठीवर हात. असा नाही, झुरळ धरल्यासारखा नाही, नीट." सगळे वैतागले. मी फरशी पुसता पुसता हसून घ्यायचे. तिला म्हटलं, "अगं, नोकरी जाईल." तर म्हणते, "जाऊ दे. श्वास तर त्यांनीच शिकवलाय."

अशात झानेता आली. एकोणीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, नववा लागलेला. पायांचे खांब झालेले, तोंड सुजलेलं, रक्तदाब चढलेला. खालच्या टोकाची, इलुश्का म्हातारीची नात. सहा नंबरात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. चपला होत्या, पोर नव्हती.

शेजारच्या खाटेवरचीने मला सांगितलं. डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत असं ती पोर रात्रभर सांगत होती. नर्स दारातूनच म्हणाली, "सगळ्यांचंच दुखतं. तुम्ही लोक जरा जास्तच ओरडता." सकाळी कुणीतरी दारातून डोकावून म्हणालं, "हिचं हे कितवं?" आणि पोर उठून चालती झाली.

डॉक्टर हुदाक बोळात आले. खाकरले नाहीत. "गिझेला," ते म्हणाले, "तिला परत आणायला हवं. आजच, आत्ताच. आकडी आली तर दोघंही जातील, आई आणि मूल. रुग्णवाहिका पाठवली तर ती रानात पळेल, मागच्या वेळची पळाली तशी. वस्तीतल्याच माणसाचं ऐकेल."

"माझं का ऐकेल?" गिझेला म्हणाली. पण जाकिटाची चेन लावतच होती. माझी कामाची वेळ संपली होती. मी म्हटलं, मीही येते, खालच्या टोकाला एकटी कशाला जातेस. हॉस्पिटलची धुण्याची गाडी आम्हाला पुलापर्यंत घेऊन आली आणि तिथे थांबली, पुढे चिखल होता.

आता हे समजून घ्या, की गिझेला खालच्या टोकाला दर महिन्याला जायची. लसीचे दिवस सांगायला, तपासणीला बोलवायला. पण जायची ती कशी? कुंपणाबाहेर उभी राहून हाका मारत. फार तर दाराच्या चौकटीपर्यंत. आत कधी नाही, बसणं तर नाहीच. ज्या बाईने मोठ्या डॉक्टरला अरे केलं, ती इलुश्काच्या उंबऱ्यावर मात्र पाऊल मोजून टाकायची. यात तिला स्वतःला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. तसंच असतं, म्हणून तसंच होतं.

इलुश्काचं दार अर्धं उघडं होतं. म्हातारी चुलीपाशी. मागे खोलीला पडदा म्हणून घोंगडी लावलेली. चुलीवर सोड्याची भाकरी भाजत होती आणि पातेल्यात कॉफी उकळत होती, गाळासकट, आमच्याकडे उकळते तशीच.

"ये गिझेला," म्हातारी म्हणाली. "तू पण ये गं, एटेला. बसा. कॉफी घ्या."

"नको मावशी, आत्ताच झाली," गिझेला दारातून म्हणाली. "झानेता कुठाय? तिला न्यायला आलेय. फार धोका आहे तिला."

"तुझी कायम आत्ताच झालेली असते," म्हातारी भाकरी उलटत म्हणाली. "तुझ्या लग्नापासून तुझी आत्ताच झालीय. एवढी कॉफी पितेस तर झोपतेस कधी?"

"मावशी, चेष्टेची वेळ नाही. पोर मरेल."

घोंगडीमागून आवाज आला. पोरीचा, जड, जीभ सुजल्यासारखा. "जा तू, गिझेला. मी नाही येत. तिकडे त्या दारात उभ्या राहून बोलतात. तू पण दारातच उभी राहून बोलतेस. मग फरक काय? इथे मरेन ती निदान आजीच्या हातात मरेन."

गिझेलाचा हात दाराच्या मुठीवर होता. ती जुनी लोखंडी मूठ, तिच्यावर तिची पाचही बोटं आवळलेली. मी बघत होते. तिने श्वास घेतला. मोठ्याने, नाकातून, पाव्लीनाने शिकवला तसा. डोळे मात्र मिटले नाहीत.

"मावशी," ती म्हणाली, "ह्या दारात उभी राहिले की माझ्या मनात पहिलं काय येतं, सांगू?"

"सांग."

"येतं, की ह्या घरातली भांडी घाण आहेत. की इथे काही तोंडाला लावलं तर मी बाटेन. मला वाटायचं, मला घाई असते म्हणून मी बसत नाही. घाईबिई काही नसते."

मला वाटलं, म्हातारी आता पातेलं फेकून मारणार. मारलं असतं तरी तिची चूक नव्हती. पण इलुश्का फडक्याला हात पुसत म्हणाली, "मला काय ते आज कळतंय? तुझ्या सासूच्या तोंडावर लिहिलेलं आहे, तुझ्या आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तू निदान वाचून दाखवलंस." आणि तिने काचेचा पेला घेतला, कॉफी ओतली, दोन चमचे साखर घातली आणि तो टेबलावर ठेवला. आग्रह केला नाही. नुसता ठेवला.

गिझेला आत गेली. टेबलाशी बसली, जाकिटाची चेन उघडली, आणि ती कॉफी प्यायली. घाईने नाही, औषध प्यावं तशीही नाही. वर भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. "मीठ कमी आहे, मावशी," ती म्हणाली.

"तुझ्या जिभेला सगळंच कमी असतं," म्हातारी म्हणाली.

मग तिने दुसरा पेला भरून माझ्यापुढे धरला. मी? मी डोळे मिटले आणि प्यायले. त्या शिक्षणाचा मला तेवढाच उपयोग झाला.

घोंगडी हलली. झानेता भिंतीला धरून बाहेर आली. तोंड असं सुजलेलं की डोळे रेघांसारखे. ती टेबलावरच्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली, तळाशी फक्त गाळ उरला होता. "मी येईन," ती म्हणाली. "पण सहा नंबरात नाही."

"सहा नंबरात नाही," गिझेला म्हणाली. "हा माझा शब्द. तुमच्या घरची कॉफी प्यायलेय मी, आता शब्द फिरवला तर ती माझ्या घशात अडकेल."

मला घाम फुटला. कारण खोल्या वाटायचा हक्क गिझेलाला नव्हता. तिच्या हातात वॉर्डाची साधी किल्लीसुद्धा नव्हती.

आम्ही दोघींनी पोरीला खांद्यावर घेऊन पुलापर्यंत आणलं, गाडीतल्या धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवी केली. हॉस्पिटलात गिझेलाने चाकाची खुर्ची पळवली, अक्षरशः एका म्हाताऱ्याच्या हातून पळवली, आणि वॉर्डात शिरली. डॉक्टर हुदाक ऑपरेशनमध्ये होते. बोळात सिस्टर बर्नादेता.

"आणलीत? बरं झालं," ती म्हणाली. "सहा."

गिझेलाने खुर्ची थांबवली नाही. "दोनमध्ये खाट रिकामी आहे."

"दोनमध्ये शाळेतल्या बाई आहेत. त्या तक्रार करतील. गिझेला! ऐक, उगाच तमाशा नको. सहा!"

गिझेला तोवर दोनमध्ये शिरली होती. शाळेतल्या बाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. आम्ही झानेताला खाटेवर घेतलं, गिझेला बाहेर आली आणि तिने दार लावून घेतलं. बर्नादेता समोर. दाराच्या मुठीवर बर्नादेताचा हात, आणि तिच्या हातावर गिझेलाचा हात.

"सोड," बर्नादेता म्हणाली.

"आधी श्वास घे."

"वेड लागलंय तुला. पोरगी आत—"

"म्हणूनच म्हणते, लवकर घे. एकच."

मला वाटतं, बर्नादेताने तो रागानेच घेतला. पण घेतला. छाती वर गेली, खाली आली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी ओशाळलं. इतकी वर्षं मी तिच्या पायाखालची फरशी पुसतेय, हा चेहरा मी पाहिला नव्हता.

"सांगितलं तर तू मला मारशील," ती हळूच म्हणाली.

"सांग."

"मनात आलं, ही चादर घाण करेल. आजार नाही आला मनात. चादर आली."

"बरं," गिझेला म्हणाली. "माझ्याही मनात आज तसलंच आलं होतं, तिच्याच घराच्या दारात. मी आत जाऊन कॉफी प्यायले. तू आत जाऊन तिचा रक्तदाब बघ." आणि हात उचलला.

बर्नादेता आत गेली. हात न धुता. लगेच तिचा आवाज आला, वॉर्डभर, मी तिला कधी तसं ओरडताना ऐकलं नव्हतं, "डॉक्टरांना बोलवा! आत्ता! स्ट्रेचर!" ती स्ट्रेचरबरोबर पळत गेली, सलाईनची बाटली उंच धरून, झानेताचं डोकं दुसऱ्या हाताने सावरत, आणि सारखं म्हणत होती, "आहे मी, बाळा, आहे मी इथे." बाळा. आमच्या पोरीला. मी कोपऱ्यात फडकं पिळत उभी होते आणि मला रडू आलं, ते मी दडवलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर हुदाक बाहेर आले. बाकावर धपकन बसले, टोपी काढली. "दोघी आहेत," ते म्हणाले. "मुलगी झाली, एवढीशी आहे, पण आवाज आहे. गिझेला, तुम्ही... बसा जरा."

गिझेला उभीच राहिली. पण त्या "तुम्ही"ने ती अशी चपापली की उलट काही बोलायचंच विसरली.

तुम्हाला वाटेल संपलं. कुठलं! दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या नवऱ्याने तक्रार केली. कचेरीतला साहेब आला, सूट घातलेला, आणि म्हणाला की खोल्यांची एक पद्धत असते, ती मध्यस्थांनी ठरवायची नसते, आणि झानेताला सहामध्ये हलवा. गिझेलाने खुर्ची आणली, दोन नंबरच्या दारात ठेवली आणि तीत बसली. "हलवा," ती म्हणाली. "आधी मला हलवा."

"तुमची नोकरी जाऊ शकते, समजतंय का?"

"समजतंय. श्वास घेतलाय मी. तुम्ही घेतलात?"

साहेबाने बर्नादेताकडे पाहिलं, आता हिनेच काही करावं म्हणून. बर्नादेताने हातातल्या ट्रेवरची थर्मामीटरं सरळ लावली. म्हणाली, "पेशंटला हलवता येणार नाही, माझी परवानगी नाही." हे वैद्यकीय होतं का नव्हतं, ते मी विचारलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मग मला हलवा, मला इथे राहायचंच नाही. हलवू ना. पण वॉर्डात रिकामी खाट एकाच खोलीत होती. त्या बाई तीन दिवस सहा नंबरात राहिल्या. त्यांना म्हणे तिथे चादरींच्या कोठीचा वास येतो. येतोच.

सहा नंबरची खोली अजून आहे. आमच्या बायांना अजून तिथेच टाकायला बघतात, आणि गिझेला प्रत्येक वेळी भांडते. कधी जिंकते, कधी हरते. हरली की दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन येते. नोकरी अजून गेलेली नाही. पाव्लीनाला कुणी कळवलं असेल तर ठाऊक नाही.

पण मला सांगायचं होतं ते रविवारचं. वस्तीत बातमी पाण्यापेक्षा वेगाने वाहते, आणि आमच्याकडे तर ती वर चढते. रविवारी सासूबाईंकडे सगळे जमलो. माझा नवरा, गिझेलाचा देझिदेर, पोरं. सासूबाईंनी कॉफी केली. फुलांचे कप, त्यांच्या लग्नातले, सगळ्यांपुढे ठेवले. गिझेलापुढे एक निळा टवका उडालेला मग ठेवला, कान तुटलेला, ज्यात आम्ही अंड्यांची टरफलं टाकायचो. तोही टेबलावर नाही. खिडकीत.

देझिदेर आपल्या बुटांकडे बघत होता. सासूबाई म्हणाल्या, "देगेशांच्या घरी पिणाऱ्याला माझ्या कपात मिळणार नाही. आमच्याकडे रीत आहे."

गिझेलाने त्या मगाकडे पाहिलं. नाकातून श्वास घेतला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेते. पण ती हसली, मोठ्याने, सासऱ्यांसमोर हसायची तशी. "आई," ती म्हणाली, "सहा नंबरची खोली आपल्या घरातसुद्धा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं!" आणि खिडकीत जाऊन तिने तो मग उचलून तोंडाला लावला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एटेला, तू होतीस ना तिच्याबरोबर? तू नाही ना प्यायलीस?"

गिझेलाने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला कळलं. मी "नाही" म्हटलं असतं तर फुलांचा कप माझाच होता. तो माझ्या हातातच होता, ऊन ऊन.

मी तो खाली ठेवला. उठून खिडकीत गेले, गिझेलाच्या हातातून मग घेतला आणि उरलेली कॉफी गाळासकट प्यायले. डोळे उघडे ठेवून.

"साखर कमी आहे, आई," मी म्हटलं.

तेव्हापासून खिडकीत दोन मग असतात. मागच्या रविवारी देझिदेरने तिसरा आणून ठेवला, कुणी काही न सांगता. माझ्या नवऱ्याला हल्ली कॉफीच नको असते. एक सोडून सगळे फुलांचे कप फळीवर धूळ खातायत, आणि सासूबाई टेबलाशी एकट्याच बसून त्या एका कपात पितात.